मोटर वाचवणाऱ्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय तेही मुद्दाम. डाउनरिगर जरा जड चालला की नवी मोटर मागवणारे बरेच आहेत, त्यांच्याही नजरेला पडलेलं बरं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उन्हाळ्यात सॅल्मन, ट्राउट असे थंड पाण्यातले मासे खोल उतरतात आणि नुसतं आमिष मागे ओढून तिथवर पोचता येत नाही. मग बोटीच्या कडेला बसवलेल्या डाउनरिगरच्या तारेला साडेचार-पाच किलोचा गोळा लावून खाली सोडायचा आणि रॉडची दोरी त्या तारेला क्लिपने अडकवायची. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते, आणि पुढची झटापट हलक्या रॉडवर, वजनाविना. गोळा परत वर ओढायचं काम 12 व्होल्टच्या मोटरचं.

माझ्याकडची जोडी बोटीबरोबर आलेली, वायरिंग जुन्या मालकाने केलेलं. डावीकडचा गोळा झपाझप यायचा, उजवीकडचा रडतखडत. ज्याला दाखवलं त्याने मोटर गेली म्हणून सांगून टाकलं. तुम्ही मात्र यंत्राला हातही न लावता विचारलंत, "गोळा वर येत असताना प्लगपाशी व्होल्ट किती मिळतात?" आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं ते तुमच्या त्या एका प्रश्नाने थांबलं.

तुमची मापायची पद्धत इथे सविस्तर लिहितो, कारण खरा उपयोग तिचाच झाला. मोटर बंद असताना प्लगवर साडेबारा व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. करंट वाहतच नसेल तर वायरीत काही खर्च होत नाही. तुम्ही मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या पॉझिटिव्हला लावायला सांगितलंत, आणि गोळा पाण्यात असताना बटण दाबायला. आकडा शून्यावरून थेट 1.2 वर गेला. निगेटिव्ह बाजूला तसंच केलं तर 0.9. म्हणजे 2.1 व्होल्ट मोटरपर्यंत पोचतच नव्हते.

मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडलात. बॅटरी पुढे, डाउनरिगर मागे, जाऊन-येऊन वायर 10 मीटर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून 20 अँपिअर गेले की 1.4 व्होल्ट वाटेतच संपतात. तो सगळा वायरीचा वाटा. उरलेला 0.7 प्लगचा. प्लग उघडला तर पिनेभोवती हिरवी पूड आणि प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. 0.7 गुणिले 20 म्हणजे 14 वॅट, एवढी उष्णता त्या अंगठ्याएवढ्या डबीत. हे ऐकल्यावर प्लग पिवळा का पडला ते विचारायची गरजच उरली नाही.

आता 10 चौरस मिलिमीटरची कथिल चढवलेली वायर आहे, घट 0.35 व्होल्ट. वायरीच्या टोकांना लग, म्हणजे धातूच्या कड्या, दाबून बसवले, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. प्लग नवा. प्रत्येक डाउनरिगरला स्वतंत्र फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मोटर तीच जुनी आहे. कार्बन ब्रश तपासले, पुरेसे लांब निघाले, तसेच परत बसवले.

तारेबद्दल आपलं एकमत व्हायला वेळ लागला, हे मान्य करा. स्टीलची तार तुटत नाही म्हणून मला ती सोडवत नव्हती. तुम्ही तारेवरून कापसाचा बोळा फिरवायला लावलात, आणि गोळ्याजवळच्या शेवटच्या वावभर लांबीत तो जागोजागी अडकला. सुटलेला एकेक धागा बोटाला लागायच्या आधी कापसाला लागतो, ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. शेवटी स्टील काढून ब्रेड, म्हणजे धाग्यांची विणलेली दोरी, लावली. तिचा आणखी एक फायदा कानाला कळतो. चालत्या बोटीत स्टीलची तार गुणगुणते, ब्रेड जवळजवळ गप्प असते.

मात्र ब्रेड लावून भागत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. ती गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे गुंडाळायच्या चाकावर, घसरते म्हणून खाली आधाराचे वेढे लागतात, आणि वेढ्यांची जाडी बदलली की लांबी मोजणारा काउंटर खोटं बोलायला लागतो. दर 50 फुटांवर मार्करने खूण करून काउंटरशी ताळा घेतला. तरीही काउंटर सांगतो ती सुटलेल्या दोरीची लांबी, खोली नव्हे. दोरी 30 अंशांनी मागे कलली तर 100 फुटांना गोळा 87 फुटांवर असतो. मासे दिसतात 90 वर आणि आमिष फिरतं त्यांच्या खालून किंवा वरून, यातली अर्धी गोष्ट नशिबाची नसून कोनाची आहे, असं माझं मत झालंय.

स्पूल धरून ठेवणाऱ्या क्लचचा विषय तुम्ही सगळ्यात कडकपणे सांगितलात. गोळा उचलेल इतपतच घट्ट, तळाला अडकला तर घसरेल इतपत सैल. पूर्ण आवळलेला क्लच आणि खडकात रुतलेला गोळा, वर चालती बोट, म्हणजे बूम, तार बाहेर धरणारा दांडा, वाकलाच. क्लचच्या चकत्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही, हंगाम संपला की नॉब ढिला करून ठेवायचा. आणि दोरी कापायची कात्री हाताशी टांगलेली हवी, पेटीत नको. ती मी उजव्या बूमशेजारीच अडकवली आहे.

बाकी देखभाल तशी किरकोळ आहे. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, पण जोराच्या फवाऱ्याने नव्हे, नाहीतर पाणी सीलमधून आत जातं. ॲल्युमिनियमच्या भागात स्टीलचे बोल्ट जाम होतात म्हणून तिथे जाम न होऊ देणारी पेस्ट. प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, पातळ थर. थापून लावणाऱ्यांवर तुम्ही किती चिडता ते आठवून हसू येतं.

तुमचा वेळ, तुमचा मीटर आणि तुमचा राग, तिन्ही मी भरपूर वापरलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. लग दाबायची क्रिम्पिंगची पक्कड अजून माझ्याकडेच आहे, रविवारी घेऊन येतो. एक शंका तेव्हा विचारायची आहे: उजवीकडच्या यंत्राचा ऑटो-स्टॉप ब्रेड लावल्यापासून गोळा वेळेवर थांबवत नाही. स्टीलची तार करंट वाहायची, ब्रेड वाहत नाही, म्हणून असेल का? तोवर बटण थांबून थांबून दाबत शेवटचे दहा फूट हळूच आणतोय.

तुमचा नम्र,
उजव्या बाजूचा गोळा आता वेळेत वर येणारा