माउस बाजूला ठेवायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमची शिकवण्याची पद्धत आणखी लोकांपर्यंत पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे नजर आक्रसत गेली, तेव्हा सगळ्यात आधी पडद्यावरचा माउसचा बाण हरवला. हिशेबाचं काम येत होतं, पण बाण शोधण्यातच दिवस जायचा. तुम्ही माउसची वायर काढून ठेवलीत आणि माझ्या तर्जनी एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर टेकवल्यात. ‘बोटं कुठंही गेली तरी परत इथंच यायचं,’ एवढंच म्हणालात.

मग एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू करून दिलंत. मायकल करन या अंध तरुणानं 2006 साली ऑस्ट्रेलियात ते लिहायला घेतलं आणि आजही ते फुकट मिळतं, हे तुमच्याकडूनच कळलं. शॉर्टकटची यादी मात्र तुम्ही पाठ करायला दिली नाहीत, आणि मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती याबद्दल. इन्सर्ट आणि 1 दाबलं की कुठलीही कळ काम न करता फक्त स्वतःचं नाव आणि काम सांगते. त्यात मला हवं तेवढं चाचपडू दिलंत. गोंधळले की तुमचं ठरलेलं वाक्य असायचं: ‘कुठे आहेस ते आधी त्यालाच विचार.’ इन्सर्ट-टी म्हणजे कुठली खिडकी उघडी आहे, इन्सर्ट-टॅब म्हणजे नेमकं कशावर आहोत. हे दोन प्रश्न हाताशी आले आणि भीती गेली.

मराठी टायपिंगसाठी तुम्ही इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीचाच आग्रह धरलात. क च्या कळेवर शिफ्ट दाबला की ख, ग वर घ, त वर थ. वर्णमालेचीच शिस्त असल्यामुळे ते बोटांत पटकन बसलं.

बिलं भरायच्या एका संकेतस्थळावर मात्र नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू यायचं. कुठलं बटण कशाचं, ते लिहिलेलंच नव्हतं. मी हिरमुसले. तुम्ही शेजारी बसून त्यांना नीट तक्रार लिहायला लावलीत: पान कुठलं, टॅब किती वेळा दाबल्यावर काय ऐकू येतं, काय ऐकू यायला हवं. अशी तक्रार करणं हा आपला हक्क आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला ठामपणे सांगितलं.

परवा ऑफिसात एक स्कॅन केलेलं परिपत्रक आलं. एनव्हीडीए गप्प. मग एनव्हीडीएची मार्गदर्शिका उघडली, एच दाबत मथळ्यांवरून पुढे गेले आणि इन्सर्ट-आर सापडलं. चित्रातला मजकूर ओळखून त्यानं वाचून दाखवला. ही कळ तुम्ही शिकवली नव्हती. मार्गदर्शिका कशी चाळायची, ते शिकवलं होतंत.

सर, तुमचे मनःपूर्वक आभार.

आपली विद्यार्थिनी