बूटलेगर म्हणजे हातभट्टीवालाच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या एकाच अंकात 'बूटलेग' दोनदा भेटला. जिल्ह्याच्या पानावर एका 'बूटलेगर'ला एमपीडीएखाली स्थानबद्ध केल्याची बातमी होती आणि पुरवणीत एका पाश्चात्त्य गायकाच्या बूटलेग रेकॉर्डिंगला चक्क 'हातभट्टीची ध्वनिमुद्रणे' म्हटले होते! हसू आले. पण एकट्या अनुवादकाला दोष कशाला द्यायचा? घोळ सरकारी कागदावरूनच चालत आलेला आहे.

एमपीडीए म्हणजे धोकादायक गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याचा 1981 चा महाराष्ट्राचा कायदा. त्याच्या इंग्रजी नावात 'बूटलेगर्स' आहेत आणि मराठी नावात त्यांच्या जागी 'हातभट्टीवाले' बसवले आहेत. अमेरिकेत मात्र हे दोन धंदे वेगळे. रानात चोरून दारू गाळणारा तो मूनशायनर आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारा तो बूटलेगर. उंच बुटाच्या नळीत बाटली खोचून नेण्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव पडले आणि 1920 ते 1933 च्या दारूबंदीत ते जगभर गेले. म्हणजे शब्दात लपवणे आणि वाहून नेणे आहे. भट्टी, नवसागर, काळा गूळ यांतले काही नाही. आमच्याकडे गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोवा बनावटीच्या सीलबंद बाटल्यांचा टेम्पो पकडला जातो. त्याच्या चालकाने भट्टी कदाचित डोळ्यांनीही पाहिलेली नसेल, पण अस्सल बूटलेगर तोच. कायद्याची व्याख्या गाळणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कवेत घेते, मराठी नाव मात्र एकट्या गाळणाऱ्याचे.

गाण्यांतला बूटलेग आणखी निराळा. बाजारात असलेल्या रेकॉर्डची चोरटी नक्कल ती पायरसी. मैफलीत गुपचूप टेप केलेले किंवा कंपनीने बाहेरच न काढलेले गाणे परस्पर विकले, की तो बूटलेग. अमेरिकन गायक बॉब डिलनची अशी अप्रकाशित गाणी 1969 मध्ये बेकायदा रेकॉर्डवर निघाली आणि रसिकांनी ती डोक्यावर घेतली. 1991 पासून त्याच्याच कंपनीने 'बूटलेग' नावाची अधिकृत मालिका काढायला घेतली. चोरीचे नाव मालकानेच पाटीवर लावले! ग्रेटफुल डेड या बँडने तर 1984 पासून टेप करणाऱ्यांना कार्यक्रमात वेगळी जागाच राखून ठेवली. अशा ठिकाणी 'चोरटी' म्हणतानाही दोनदा विचार करावा लागतो, हातभट्टी तर फारच लांब राहिली.

अमेरिकन फुटबॉलमध्येही बूटलेग आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, चेंडू साथीदाराला दिल्याची हूल देतो आणि तो मांडीआड लपवून उलट्या बाजूने पळतो. इथे लपवाछपवी तेवढी उरली, गुन्हा गेला.

विनंती एवढीच, की दारूच्या बातमीत पकडलेला माणूस काय करत होता ते पाहून 'हातभट्टीवाला' किंवा 'दारूतस्कर' लिहावे. नुसते 'बूटलेगर' लिहिले की दोन्ही झाकून जाते. संगीताच्या मजकुरात 'बूटलेग' तसाच ठेवून पुढे एका ओळीत खुलासा द्यावा. जीन्सच्या जाहिरातीतल्या 'बूटलेग'ला मात्र हात लावू नये. तिथे बुटावर नीट बसणारी सैल तंगडी एवढाच अर्थ आहे, एक्साइजवाल्यांचा काही संबंध नाही.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी