ते लोखंड खरं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या काळावरच्या चित्रपटांचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’च्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली आणि तिच्यातही कॉम्प्युटरवर केलेली मारधाड एवढंच म्हणून विषय संपवला आहे. ते वाचून राहवलं नाही. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या बाजूला आमचं ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. फाळके, डंपरचे हौदे, पाण्याचे टँकर हेच आमचं काम. तेव्हा ज्या चित्रपटात दोन तास एक टँकरच पळतो, त्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

मे २०१५ मध्ये वाशीला पाहिला, सोबत आमचे मिस्त्री होते. वडिलांच्या वेळेपासूनचे, तेव्हा साठीला टेकलेले. इंग्रजी अजिबात येत नाही. मला वाटलं, मध्येच झोपतील. पण चित्रपटात बोलणंच इतकं कमी की त्यांचं काही अडलं नाही. रात्रीचा एक प्रसंग आहे. टँकर चिखलात रुतलाय, चाकं जागच्या जागी फिरतायत आणि मागून शत्रूच्या गाडीचा झोत जवळ येतोय. मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले आणि चांगलं मोठ्याने म्हणाले, “अरे, पाट्या घाला चाकाखाली!” पुढच्या क्षणाला पडद्यावरच्या माणसांनी इंजिनावरच्या लोखंडी प्लेटा काढल्या आणि चाकाखाली सारल्या. पावसाळ्यात आमच्या गल्लीत ट्रक रुतला की आम्हीही हेच करतो. हे लिहिणाऱ्याने कधीतरी चिखलात हात घातला असणार, एवढं मिस्त्रींना पटलं. तिथून पुढे ते हलले नाहीत.

त्याच प्रसंगात नक्स नावाच्या पोराला विंच, म्हणजे गाडी ओढून काढायचा दोर, बांधायला एक झाड दिसतं. तो ओरडून सांगतो, पण झाडाला झाड म्हणतात हे त्याला ठाऊक नाही. “ते तिकडचं ते” अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. दुसऱ्या कुणीतरी त्याला शब्द सांगावा लागतो. जग बुडालं म्हणजे काय झालं, हे मला तिथे कळलं. त्यासाठी पडलेल्या इमारती दाखवाव्या लागल्या नाहीत.

आता लोखंडाचं. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांच्यासाठी कॉलिन गिब्सन यांच्या चमूने दीडशेच्या आसपास गाड्या खऱ्या बांधल्या. चित्रपटाची नायिका फ्युरिओसा जो टँकर चालवते त्याच्या मुळाशी टाट्रा आहे, आपल्या लष्कराकडे असतात त्याच कंपनीचा ट्रक, आणि वर जुन्या शेवरोले मोटारीचा सांगाडा चढवलाय. खलनायकाची गाडी म्हणजे १९५९ च्या दोन कॅडिलॅक, एकीवर एक. आग ओकणारी गिटार खरोखर आग ओकत होती. आपल्याकडे मिरवणुकीपुढे ढोलपथक चालतं तसं इथे लढाईपुढे ढोलांचा आख्खा ट्रक चालतो. उंच खांबांना लटकून डोलणारी माणसंही खरी. खांबाच्या बुडाशी तोलाचं वजन आहे, म्हणून तो लोलकासारखा झुलतो आणि वरचा माणूस चालत्या गाडीवर उतरतो.

भरलेला टँकर कसा चालतो हे ज्याने पाहिलंय त्याला यातला फरक लगेच कळेल. ब्रेक दाबला तरी आतलं पाणी थांबत नाही, ते पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. म्हणून आम्ही टाकीच्या आत भोकं पाडलेले पत्रे आडवे लावतो, पाण्याचा जोर मोडायला. तरीही वळणावर केबिन वळते आणि मागचा भाग क्षणभर सरळ जायचा हट्ट धरतो. कॉम्प्युटरवरच्या गाड्यांत हा हट्ट मला क्वचितच दिसतो, त्या हवेत तरंगल्यासारख्या वळतात. फ्युरिओसाचा टँकर मात्र अंगाने वळतो. या चित्रपटात कॉम्प्युटरचं काम नाही असं मी म्हणत नाही. सुरक्षेचे दोर त्यानेच पुसलेत, वाळूचं वादळ त्याचं आहे, फ्युरिओसा झालेल्या शार्लीझ थेरॉन यांचा एक हातही त्यानेच नाहीसा केलाय. पण ते काम खऱ्या लोखंडावर बसवलंय आणि त्यानेच ते पचतं.

बारीकसारीक गोष्टी किती सांगू! टँकर कुणी पळवू नये म्हणून फ्युरिओसाने बटणांचा एक क्रम ठरवलाय, तो तिलाच माहीत. आमच्याकडे ड्रायव्हर लोक चोर स्विच बसवून घेतात ना, तसाच. इंजिनाने पेट घेतला तर ती पुढचा नांगर वाळूत सोडते आणि उडणाऱ्या वाळूने आग विझवते. स्टिअरिंगची चाकं तर देवासारखी रचून ठेवलेली. खंडेनवमीला आम्ही हत्यारांबरोबर स्टिअरिंगलाही झेंडूचा हार घालतो, त्यामुळे ते दृश्य पाहताना पोटात कालवलं. इथे ती पूजा खलनायकाच्या फौजेतल्या पोरांना मरायला तयार करण्यासाठी आहे.

रंगांबद्दल लेखात काहीच नाही, याचं जास्त वाईट वाटलं. जगबुडी म्हटली की राखाडी पडदा ठरलेला. मिलर यांनी वाळू केशरी आणि आभाळ गडद निळं ठेवलं. ती चिखलाची रात्रसुद्धा भर उन्हात चित्रित केलीय, मुद्दाम जास्त उजेड घेऊन, आणि नंतर तिला निळा रंग दिलाय. चित्रीकरण आधी ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला व्हायचं होतं. तिथे पाऊस झाला, वाळवंट फुलांनी भरलं आणि सगळं बिऱ्हाड नामिबियाला न्यावं लागलं.

कॅमेरा जॉन सील यांचा. सत्तरीच्या घरातला, निवृत्त झालेला माणूस या कामासाठी परत आला. संकलन मार्गारेट सिक्सेल यांचं, म्हणजे मिलर यांच्या पत्नीचं. त्यांनी याआधी मारधाडीचा चित्रपट कापलेला नव्हता, आणि मिलर यांना नेमकं तेच हवं होतं. समोर ४८० तासांचं चित्रीकरण, त्यातून दोन तासांत सुमारे २,७०० तुकडे. तरी डोळा दमत नाही, कारण बघायची गोष्ट जवळपास प्रत्येक वेळी पडद्याच्या मधोमध ठेवलीय. ऑस्करच्या दहा नामांकनांपैकी सहा मिळाली, त्यातलं एक सिक्सेल यांचं. मारधाडीत रक्त आहे, लहान मुलांना दाखवू नये हेही खरं. पण मिलर मुळात डॉक्टर, इस्पितळात अपघाताचे रुग्ण पाहिलेले. त्यांच्या चित्रपटात गाडी आदळली की दुखतं.

एक गोष्ट चित्रपटाबाहेरची. सुरुवातीला खलनायक कड्यावरून थोडा वेळ पाणी सोडतो आणि खालची माणसं भांडी घेऊन धावतात. पाण्याची चटक लावून घेऊ नका, असं वर त्यांनाच सुनावतो. चित्रपट पाहिल्यावर आठ-दहा दिवसांनी पनवेल तालुक्यातल्या एका वाडीवर मी आम्हीच बांधलेल्या टँकरचं पॅकिंग बदलायला गेलो होतो. मागचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळत होता. हंड्यांची रांग सरकून पुढे गेली होती, आणि एका आजींनी त्या गळतीखाली तांब्या धरला होता. मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. तांब्या भरल्यावर त्या म्हणाल्या, “कर बाबा आता तुझं काम.”

माझी विनंती एवढीच, की या चित्रपटावर पुन्हा कधी लिहाल तेव्हा त्या गाड्या जोडणाऱ्यांनाही दोन ओळी द्या. शेवटी तो टँकर खरोखर उलटवलाय. इतका वेळ ज्याच्या पत्र्यान् पत्र्याशी ओळख झाली, तो अरुंद खिंडीत आडवा होतो आणि त्याचे तुकडे उडतात. थिएटरात शिट्ट्या झाल्या. मिस्त्री गप्प. हार्बरच्या लोकलमध्येही मानसरोवर येईपर्यंत काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, “दादा, बांधायला किती दिवस लागले असतील हो त्यांना?”

आपला,
ट्रक बॉडी बांधणारा एक वाचक,
कळंबोली, नवी मुंबई