विषय: नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. दर मंगळवारी.

प्रति,
महाव्यवस्थापक, परदेश सहल विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेतल्या सीनियर एक्झिक्युटिव्हशी बोलून फोन ठेवला. म्हणजे त्यांनी ठेवला. आता जे असेल ते लेखी.

बुकिंग कोणाचं, सहल कोणती, पैसे किती भरले हे सगळं तुमच्या सिस्टिमवर आहे. दर फोनला मला ते पहिल्यापासून विचारलं जातं, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. 'रोमन पुरातत्त्व अभ्यास सहल' तुम्हीच आखली आणि तुम्हीच विकली, तेव्हा ती काय होती हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

माहितीपत्रकाचं पान चार काढा. त्यावर हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा फोटो आहे. साधारण वीतभर उंचीची, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन सेविका, आणि डोक्यात वरून खाली पाडलेलं भोक. त्या भोकामुळेच ती मुळात एखाद्या वस्तूचा दांडा किंवा पाय असावी असं मानतात. 1938 साली ती इटलीतल्या पॉम्पेईत, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहरात, एका घरात सापडली. लोक तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, अभ्यासक बहुतेक यक्षी म्हणतात. ती भारतातून समुद्रमार्गे गेलेली आहे आणि तिच्या घडणीच्या मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. माझा एम.ए.चा प्रबंध याच मूर्तींवर आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली मूर्ती मी बघितली आहे, तिची टिपणं माझ्याकडे आहेत. नेपल्सची बघून दोन्ही समोरासमोर मांडायच्या होत्या. बुकिंगच्या वेळी हे मी तुमच्या काउंटरवर सांगितलं होतं आणि तिथल्या बाईंनी 'अगदी, अगदी' असं म्हणत फॉर्म पुढे सरकवला होता. फोटोखाली तुम्ही छापलंय, 'महाराष्ट्राशी नातं सांगणारी मूर्ती प्रत्यक्ष पाहा!' उद्गारचिन्हही तुमचंच.

आणि ही मूर्ती जिथे आहे, त्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाची भेट तुम्ही ठेवलीत मंगळवारी. त्या संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. हे काही गुपित नाही, त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेलं आहे, दारावरच्या पाटीवरही आहे. ती पाटी आम्ही सगळ्यांनी वाचली, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं. तुमच्या टूर मॅनेजरनी दार हलवूनही पाहिलं. आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही पॉम्पेईत होतो. पॉम्पेई मंगळवारी उघडं असतं. दोन दिवसांची अदलाबदल, बस्स. कागदावर पेनाने एक बाण काढला असता तरी काम झालं असतं.

आता तो फोन. तुम्ही म्हणता ना की सगळे कॉल रेकॉर्ड होतात, तर हा जरूर ऐका.

मी म्हटलं, संग्रहालय दाखवलं नाही, त्याचे पैसे परत हवेत. ते म्हणाले, "मॅडम, कलम चौदा वाचा. नैसर्गिक आपत्ती, संप, युद्ध किंवा कंपनीच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने स्थळदर्शन रद्द झालं तर परतावा मिळत नाही." मी विचारलं, यातलं काय झालं होतं? ते म्हणाले, "संग्रहालय बंद होतं." का बंद होतं? "ते त्यांच्या मॅनेजमेंटला माहीत." मी सांगितलं, मंगळवार होता म्हणून बंद होतं. त्यावर शांतपणे म्हणाले, "तेच ना मॅडम, मंगळवार आपल्या नियंत्रणात नसतो."

महोदय, इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला ती नैसर्गिक आपत्ती होती. मंगळवार नव्हे.

मी तरीही आवाज चढवला नाही. मूर्तीचं सांगितलं, प्रबंधाचं सांगितलं. तर म्हणाले, "हो, पण तुम्ही पॉम्पेई बघितलं ना? तिथलेच आहेत ते सगळे आयटम. पडक्या भिंती एका ठिकाणी बघितल्या काय नि दोन ठिकाणी काय." मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात, "आणि मूर्तीचा फोटो माहितीपत्रकात आहेच. तो वापरा ना प्रोजेक्टला." प्रोजेक्टला! मी सातवीत आहे असं त्यांना वाटलं असावं. शेवटी तीन हजारांचं व्हाउचर देऊ केलं, पुढच्या युरोप सहलीवर, सहा महिन्यांत वापरायच्या अटीवर. पुढच्या युरोप सहलीसाठी वडिलांनी दुसरा पीएफ कुठून आणायचा, हे कलम कितवं?

हर्क्युलेनियमबद्दलही, म्हणजे त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या दुसऱ्या रोमन शहराबद्दलही लिहायचं होतं, ते या मंगळवारपायी मागे पडलं. कार्यक्रमपत्रिकेत तीन तास होते. प्रत्यक्षात बस एर्कोलानोत, म्हणजे त्या अवशेषांजवळच्या आजच्या गावात थांबली, वरच्या कठड्यापाशी आम्हाला उभं केलं आणि सांगितलं, "इथून सगळं दिसतं, फोटो काढून घ्या." दिसतं खरंच. वीसेक मीटर खाली जुन्या किनाऱ्यावरच्या नावा ठेवायच्या कमानी दिसतात, जिथे सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. पण वरून न दिसणारं म्हणजे जळून कोळसा झालेलं आणि तरीही जागच्या जागी टिकलेलं लाकूड, तुळया, दारं, पलंग. पॉम्पेई सोडून लोक मुद्दाम हर्क्युलेनियमला जातात ते त्यासाठीच. आम्ही तिथून गेलो तोर्रे देल ग्रेकोला, पोवळ्याच्या आणि शिंपल्यावरच्या कोरीवकामाच्या दुकानात. तिथे वेळच वेळ होता. चहासुद्धा मिळाला. दुकानदार तुमच्या टूर मॅनेजरना नावानिशी ओळखत होता, यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. पुराव्यावरून निष्कर्ष काढायचं शिक्षण चालू आहे, पण काढत नाही.

आणि तुमचे 'पुरातत्त्वतज्ज्ञ मार्गदर्शक'. त्यांनी पॉम्पेईत सांगितलं की शहर लाव्हाखाली गाडलं गेलं आणि माणसांचे दगड झाले. शहर गाडलं ते ज्वालामुखीच्या राखेने आणि पमिसने, म्हणजे सच्छिद्र हलक्या ज्वालामुखी खड्यांनी. ते 'दगड' म्हणजे राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून केलेले ठसे आहेत, 1863 मध्ये तिथल्या उत्खननाचा प्रमुख फियोरेल्ली याने सुरू केलेल्या पद्धतीने. हे आमच्या पहिल्या वर्षाला आहे. मी हळूच सांगितलं तर म्हणाले, पब्लिकला असंच आवडतं. आमच्या बसमधलं पब्लिक म्हणजे पुरातत्त्वाचे विद्यार्थी होते.

वाईट याचं वाटतं की आमच्या घरात तुमचं नाव विश्वासाने घेतलं जातं. आजी-आजोबा काशीला तुमच्याबरोबर गेले होते, आजी अजून तिथल्या तुमच्या आचाऱ्याच्या पिठल्याचं कौतुक करते. स्वयंपाकघरात तुमचंच कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर दुधाचा हिशेब लिहिला जातो. त्यात मंगळवार दर आठवड्याला येतो. मी तपासलं.

मागणी साधी आहे. संग्रहालय आणि हर्क्युलेनियम या दोन्हींचे पैसे परत, व्हाउचर नको. कलम चौदा माझ्या तक्रारीला कसं लागू होतं याचं लेखी स्पष्टीकरण, खाली सही करायची हिंमत असलेल्या माणसाच्या सहीनिशी. पंधरा दिवसांत आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणजे या सहलीशी संबंधित फुकट मिळणारी ही पहिली गोष्ट. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' दोन्ही लावणार आहे. माहितीपत्रकाचं पान चार जोडणार आहे, उद्गारचिन्हासकट.

आणखी एक. पत्र पाठवण्याआधी तुमच्या संकेतस्थळावर पुढच्या तुकडीचा कार्यक्रम पाहिला. पान चारवर तीच मूर्ती आहे. सोमवारी पॉम्पेई, मंगळवारी संग्रहालय. त्या मुलांची नावं मला माहीत नाहीत, पण सगळ्या कॉलेजांचे पुरातत्त्व विभाग माहीत आहेत, आणि या पत्राची प्रत प्रत्येकाला जाते आहे.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

पुण्याहून,
तुमची एक प्रवासी