आधी वाफ वाचवा, मग धूर पकडा

कॅनडातल्या तेलवाळूवरचा आपला लेख वाचला. कार्बन पकडून जमिनीत पुरला की हा धंदा स्वच्छ झाला, असा त्याचा सूर. माझी सगळी नोकरी पाताळगंगा पट्ट्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर गेली. सध्या लेकीकडे एडमंटनला असतो. बॉयलरवाल्याला हा हिशेब उलटा वाटतो.

अल्बर्टा प्रांतातल्या या वाळूतलं बहुतेक बिटुमेन, म्हणजे घट्ट तेल, खणून काढता येत नाही इतकं खोल आहे. थंडगार डांबरच ते, आपणहून हलत नाही. म्हणून सुमारे पाच मीटर अंतर ठेवून एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी घेतात. वरचीतून वाफ सोडायची, पातळ झालेलं डांबर खालचीत झिरपतं. तेलाच्या एका पिंपामागे साधारण तीन पिंपं पाण्याची वाफ करावी लागते. तीही ओली! तेलाबरोबर वर आलेलंच पाणी पुन्हा वापरतात; त्यात सिलिका आणि क्षार असल्याने ८० टक्क्यांच्या आसपासच वाफ करून बाकी पाणी तसंच ठेवतात. सगळं उडवलं तर खार बसून नळ्या जळतील. आमच्याकडे टर्बाइनला अशी वाफ गेली असती, तर शिफ्ट संपायच्या आत मेमो हातात पडला असता.

या वाफेसाठी जळणारा गॅस हेच धुराचं मूळ. स्कॉटफर्डच्या तेल कारखान्यातला कार्बन पकडणारा ‘क्वेस्ट’ प्रकल्प २०१५ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड पुरतो, हे खरं. पण तो हायड्रोजन प्लांटमधला, दाट, म्हणून पकडायला सोपा वायू. बॉयलरच्या धुराड्यात त्याचं प्रमाण जेमतेम आठ-दहा टक्के. तो वेगळा करायला पुन्हा उष्णता हवी, म्हणजे पुन्हा वाफ!

त्यापेक्षा मुळात वाफच कमी लागावी. कोल्ड लेकला इम्पिरियल कंपनीने २०२४ मध्ये वाफेबरोबर विद्रावक (डांबर पातळ करणारं रसायन) सोडून तेल काढायला सुरुवात केली. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटेल, असा तिचा दावा आहे. विद्रावक महाग असतो. किती परत मिळतो यावर सगळं गणित. शिवाय ही घट पिंपामागची. तेलवाळूतून निघणारी रोजची पिंपं तीस लाखांच्या वर गेली आहेत आणि वाढतच आहेत, तेव्हा एकूण धुराचा आकडा मागायला हवा.

जिथे वाळू वरूनच खणतात, त्या उघड्या खाणींच्या गाळतळ्यांबद्दल (तेल काढून उरलेलं गाळपाणी साठवायची तळी) तर लेखात अवाक्षर नाही. तिथे अब्जाहून अधिक घनमीटर गढूळ, विषारी पाणी साठलंय. त्यातली चिकणमाती खाली बसायला दशकं लागतात. याच इम्पिरियलच्या केअर्ल खाणीत २०२२ मध्ये तळ्यातल्या पाण्याची झिरप आढळली, पण नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या फोर्ट चिपेवायनच्या आदिवासींना तिचं गांभीर्य कळलं २०२३ च्या फेब्रुवारीत. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात या तळ्यांना जागा द्यावी. कार्बन पुरायला नेणाऱ्या पाइपलाइनने त्यांतला एक थेंबही कमी होणार नाही.

– एक निवृत्त बॉयलर इंजिनिअर, पनवेल (सध्या एडमंटन)