फटाके म्हणू नकोस

डिचोली, गोवा
रविवार, 11 मे 2025

चि. सौ. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू धीराने बोललीस, पण माझ्या मनात राहिला तो बाबचा आवाज. "आजोबा, लग्न कुणाचं आहे?" असं त्याने विचारलं, आणि मागून तू घाईने म्हणालीस, "बाबा, मीच सांगितलंय, वरातीचे फटाके आहेत म्हणून." जम्मूत सगळीकडे अंधार, भोंगे वाजून थांबलेले, वर आकाशात लाल ठिपके, आणि सात वर्षांचं पोर लग्न कुणाचं ते विचारतंय. त्याला उत्तर नको होतं, बाय. आई म्हणते तेच खरं असू दे, एवढंच तो माझ्याकडे मागत होता. मी "हो रे, असेल कुणाचं तरी" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर माझी झोप उडाली.

काल संध्याकाळी पाचपासून पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाल्याची बातमी आली तेव्हा तुझ्या आईने देवापुढे तुपाचं निरांजन लावलं. ते विझायच्या आत तुझा मेसेज आला की तुमच्याकडे पुन्हा ड्रोन दिसताहेत. विमानतळ बंद, तेव्हा पोरांना घेऊन इकडे ये म्हणायचीही सोय नाही. शिरगावच्या जत्रेतल्या चेंगराचेंगरीने इथे आधीच सगळ्यांची मनं जड आहेत, त्यात 7 तारखेला इथेही मॉक ड्रिल झाली. भोंगा ऐकून मी अंगणात उभा राहिलो तो बराच वेळ तसाच. फोनवर मला हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो. टपाल पोचेल तेव्हा पोचेल, आज पत्राचा फोटो पाठवतो.

मला स्वतःला लहानपणी कोणी तरी "फटाके आहेत" असं सांगितलं होतं. ते सांगणारे माझे दादा, म्हणजे माझे वडील. तुला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, पण हा तुकडा मी तुला कधी दिलेला नाही.

1961 चा डिसेंबर. मी सहा वर्षांचा, तुझी मोठी आत्या तीन वर्षांची आणि धाकटी अकरा महिन्यांची. दादा इथे बाजारात एका दुकानात हिशेब लिहायचे. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे, आणि भारताने नाकेबंदी केली होती, त्यामुळे त्या दुकानात हॉलंडचे बटाटे मिळायचे, सिलोनचा चहा मिळायचा, पण सीमेपलीकडच्या बांद्याहून काही येत नसे. बांदा म्हणजे आईचं माहेर. सकाळी निघून संध्याकाळी परतावं एवढ्या अंतरावरचं गाव, आणि माझ्या जन्मापासून तिने ते पाहिलं नव्हतं. मामा हा माझ्यासाठी फक्त एक शब्द होता.

रात्री दादा रेडिओवर घोंगडी टाकून, कान लावून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' ऐकायचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते केंद्र 1955 च्या नोव्हेंबरपासून सीमेपलीकडच्या जंगलातून चालवत होते. यंदा जानेवारीत लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तुला सकाळी सकाळी फोन केला होता तो त्यामुळेच. दादांचं ऐकणं मात्र ठरलेलं. दिवसातून एकदा, तेवढाच वेळ, मग रेडिओ कपाटात आणि कपाटाला कुलूप. आम्हा मुलांसमोर त्यावर चर्चा नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण परवा तुझ्या मागे टीव्ही ओरडत होता. त्यावर काय काय पडलं आणि काय काय जळलं म्हणून सांगत होते आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं खोटं निघालं. तुला बातम्या हव्यात, त्या फोनवर वाच, दिवसातून दोनदा. पोरांच्या खोलीत तो आवाज नको.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून मोठी माणसं हळू बोलू लागली होती. आमच्या आळीच्या टोकाला एका पाखल्या, म्हणजे पोर्तुगीज, अधिकाऱ्याचं बिऱ्हाड होतं. त्याचा मुलगा माझ्याएवढा. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण काजूच्या बियांनी खेळायला भाषा लागत नाही. एके सकाळी त्यांच्या घराला कुलूप. 12 डिसेंबरला 'इंडिया' नावाची बोट पोर्तुगीज बायकामुलांना घेऊन मुरगावहून गेली. 380 माणसांच्या बोटीत 700च्या आसपास माणसं चढली होती, हे मी मोठेपणी वाचलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्या सात बिया त्याच्याकडे राहिल्या. परवापासून तो मुलगा मला फार आठवतो. त्याला त्या बोटीवर कोणी काय सांगितलं असेल?

त्याच आठवड्यात आईने आमच्या कपड्यांना आतून एकेक लहानशी पिशवी शिवली. तिच्यात दादांच्या अक्षरातला कागद: मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि बांद्याच्या मामाचा पत्ता. मी विचारलं, "हे कशाला?" आई म्हणाली, "गर्दीत चुकलास तर वाचणारा तुला घरी आणील." तिने ते असं सांगितलं की जणू जत्रेला जायचंय. पण खोटं काही सांगितलं नाही, हे आता लक्षात येतं. तूही दोघांच्या खिशात तुमचे फोन नंबर आणि आमचा पत्ता लिहून ठेव. मोबाईल बंद पडतो, कागद पडत नाही.

रविवारी रात्री विहिरीचं पाणी काढून हंडे, कळशा, न्हाणीघरातला मोठा तांब्याचा हंडासुद्धा भरून ठेवला. आम्हाला देवघरात झोपवलं, कारण तिथल्या चिऱ्याच्या भिंती सगळ्यात जाड. चिमणीवर रोवळी पालथी घातली होती, तिच्या भोकांतून भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले होते. तुझ्या मोठ्या आत्याला ते चांदणं वाटलं आणि ती खूश होऊन झोपली.

पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला सीमेकडून तोफा सुरू झाल्या. आधी लांब, मग जवळ. मी उठून बसलो. दादा पटकन म्हणाले, "झोप, झोप. नार्व्याच्या देवळात दारूकाम चाललंय. फटाके ते." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चिमणीच्या उजेडात त्यांच्या ओठावर घाम होता. डिसेंबरच्या थंडीत. दहा मिनिटांनी असा एक आवाज झाला की खापऱ्या सरकल्या, समई लवंडली, तेल माझ्या पायावर आलं. आणि दादा पुन्हा तेच म्हणाले, "फटाके, फटाके."

दादांना मी दोष देत नाही. त्यांचं वय तेव्हा जेमतेम तिशीचं, तीन पोरं, आणि दाराबाहेर काय चाललंय ते त्यांना माझ्याइतकंच दिसत होतं. पण माझ्या मनात त्या पहाटे काय झालं ते ऐक. आवाज भयंकर होता हे कानांना कळलं, बाप घाबरलाय हे डोळ्यांना कळलं, आणि नाव मिळालं फटाके. मी ती तिन्ही एकत्र बांधली. तोफा एकदाच आल्या आणि गेल्या. फटाके दर वर्षी यायचे.

नरकासुर जाळतात तीच वेळ, पहाट. पुढच्या दिवाळीला पहिला बार वाजला आणि मी देवघरात शिरून दार लावून घेतलं. चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत दर दिवाळीला माझी गत अशीच. पुढेही ती पुरती गेली नाही. तू लहान असताना नरकासुर दाखवायला तुला खांद्यावर घेऊन तुझा मामा जायचा, मी कधी आलो नाही. तुला वाटायचं बाबांना झोप प्यारी. मी आत जागा असायचो. कानावर उशी धरून.

आता दुसरी बाजू. उजाडल्यावर शेजारी सांगत आले की मोठा आवाज झाला तो आपल्या डिचोलीच्या पुलाचा. पाखल्यांनी मागे हटताना तो सुरुंगाने उडवला. त्याच पहाटे अस्नोड्याचा आणि कोलवाळचाही उडवला, ते नंतर कळलं. दादा मला आत घेऊन चालले होते. आईने मला थांबवलं, माझा हात धरून खाली बसली आणि म्हणाली, "पूल उडयलो. तो आवाज पुलाचो." मग माझ्याच प्रश्नांची उत्तरं, एकेक करून. कोणी उडवला? सोजिरांनी. का? दुसऱ्या सोजिरांना येता येऊ नये म्हणून. आपलं घर उडवतील? "घरावरून कोणी नदी ओलांडत नाही," ती म्हणाली. आजतागायत मला या उत्तरापेक्षा चांगलं उत्तर सुचलेलं नाही. ते खरं होतं, आणि सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात मावण्याएवढं होतं.

त्या दिवशी दूध आलं नाही. दूधवाली नदीपलीकडून यायची, आणि पूल नव्हता. धाकटीचं पोट आईच्या दुधावर भरत नव्हतं, ती रडून लाल झाली. आईने उकड्या तांदळाची पेज शिजवली, वरची निवळ गाळून, गुळाचा खडा विरघळवून तिला चमच्याने पाजली. मला समोर बसवून म्हणाली, "पूल नाही म्हणून दूध नाही, दूध नाही म्हणून निवळ." मला सगळा हिशेब कळला. मग तिने माझ्यापुढे सूपभर अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा ठेवल्या, सोलायला. बाहेर अधूनमधून आवाज येत होते आणि मी शेंगा सोलत होतो. मध्येच मीच तिला सांगितलं, "हा पुलाचा नाही, हा लांबचा." तिने मान डोलावली. त्या दोन दिवसांत तिने दहाची पेज चुकवली नाही, आमच्या आंघोळी चुकवल्या नाहीत, संध्याकाळचा परवचा चुकवला नाही. दिवस आपल्या जागी होता. माझ्या मते आम्हाला त्याने सांभाळलं.

तुझी मोठी आत्या तीन वर्षांची होती, तिला मात्र आईने यातलं काही सांगितलं नाही. तिला मांडीवर घेतलं, बस. म्हणून चिमूला बाबएवढं समजावायला जाऊ नकोस. चार वर्षांच्या पोरीला तुझं अंग पुरे.

भारताचं सैन्य आलं तेव्हा आम्ही दाराच्या फटीतून पाहत होतो. एका शिपायाने पडवीशी येऊन घाटावरच्या मराठीत "मावशी, पाणी द्या" म्हटलं. पॅराशूट रेजिमेंटची मराठ्यांची पलटण फोंड्याकडे गेली, त्यातलाच तो असावा. आई तांब्या देताना रडली. मला वाटलं तिला पाणी कमी पडेल म्हणून रडतेय, आपण रात्री भरून ठेवलंय हे मी तिला समजावून सांगितलं. मंगळवारी रात्री साडेआठला गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी शरणागती लिहून दिली. लिस्बनहून त्यांना शेवटपर्यंत लढायचा हुकूम होता. त्यांनी तो मोडला, आणि पुढे त्याची शिक्षा भोगली. कितीतरी घरांतली पोरं त्यामुळे वाचली असं मी मानतो, मग ते आपले असोत की परके.

दत्तजयंतीच्या आसपास बांद्याहून मामा आला. पूल नव्हता म्हणून धोतर खोचून, सायकल खांद्यावर घेऊन नदीतून. आईने त्याला ओळखलं, मी नाही. त्याच्याबरोबर तिने मला नदीवर नेलं आणि पडलेला पूल दाखवला. पाण्यातले चिरे मी मोजले. एवढा मोठा आवाज कुठून आला ते मला डोळ्यांनी पाहायला मिळालं. पुलाची भीती मला कधीच वाटली नाही.

म्हणून सांगतो, बाय. बाबला आज दिवसाउजेडी, जेवण झाल्यावर, जवळ घेऊन बस. म्हणावं, परवा मी फटाके म्हणाले, ते फटाके नव्हते. मलाही भीती वाटली म्हणून तसं म्हणाले. ती ड्रोन होती, आणि आपली माणसं खालून त्यांना वरच्या वर पाडत होती, तो आवाज. एवढंच. तो विचारील तेवढ्याला उत्तर दे, न विचारलेलं सांगू नकोस. "काही होणार नाही" असं वचन देऊ नकोस, ते आपल्या हातात नाही. भोंगा झाला की आपण कुठल्या खोलीत जायचं, दिवे कोण बंद करणार, चिमूची बाटली कोण घेणार, ते त्याला सांग, आणि दिव्यांचं काम त्याच्याकडे दे. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला आहे, फार कष्टाने. त्याला त्यातून सोडव.

तुला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. तू एकटी दोन पोरांना अंधारात घेऊन बसलीस, जावई ड्युटीवर, आणि तरी सकाळी त्यांना पराठे करून घातलेस, हे तुझ्या आईने मला दोनदा सांगितलं.

आमसुलं, उकडे तांदूळ आणि थोडं खाजं बांधून ठेवलंय, कुरियर सुरू झाल्याबरोबर निघेल. मानकुराद आंबे पाठवण्यात अर्थ नाही, वाटेत नासतील. आज रात्री आठला फोन करतो. बाबशी बोलणं झालं असेल तर त्यालाच उचलू दे. मी त्याला विचारणार आहे की पहिला आवाज कुठल्या बाजूने आला, आणि मग माझ्या पुलाची गोष्ट सांगणार आहे.

चिमूला पापा.

तुझे,
बाबा