रद्दीतून सुटलेलं पुस्तक

प्रिय सुधीर,

रद्दीवाल्याच्या काट्यावर चढायच्या बेतात असलेला कथासंग्रह तू सोडवलास आणि पन्नास पानं एका बैठकीत वाचलीस, म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायची! मोबाइलने वाचन सुटलं, असं तू लिहितोस. मला विचारशील तर ‘हे वाचलंच पाहिजे’ छापाच्या याद्यांनी ते जास्त सुटतं. तेव्हा पुढची यादी करायच्या भानगडीत पडू नकोस, हे एकच पुरं कर.

मात्र जुन्या पुस्तकात कीड असू शकते, म्हणून आधी ते कपाटातल्या इतर पुस्तकांपासून लांब ठेव. पांढऱ्या कागदावर हलकेच आपट आणि रात्रभर त्याच कागदावर राहू दे. सकाळी ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) टाक. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी धरतं. भुसा नसेल तर हा खटाटोप नको. मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे धूळ झटक आणि वाचायला लाग. उन्हात मात्र ठेवू नकोस. त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, उन्हाने आणखी पिवळा नि ठिसूळ होतो. कुबट वास जायला बंद डब्यात पुस्तकाशेजारी वाटीभर खाण्याचा सोडा तीन-चार दिवस ठेवलास की पुरे.

पुढे वाचण्याआधी पृष्ठांक तपास. पुस्तक फर्म्यांनी (छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्यांनी) बांधतात, बहुधा १६ पानांचा एक फर्मा. म्हणून गफलत झाली तर एखाद-दुसरं पान जात नाही, अख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. १६-१७, ३२-३३, ४८-४९ हे सांधे बघ. कथा ऐन रंगात असताना ६४ नंतर थेट ८१ आलं की डोकंच फिरतं! गळलेला भाग ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९८) विचारून बघता येईल.

तुझ्या प्रतीवर शके १८८२ आहे. त्यात ७८ मिळव, म्हणजे १९६०. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. म्हणूनच ‘घरांत’, ‘करूं’ असे अनुस्वार जागोजागी अडखळवतात. ते कमी करणारे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. पहिली दोन-तीन पानं मोठ्याने वाच, डोळा लगेच सरावतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेप? अजिबात नाही. काही वर्षांत डिंक कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो आणि पट्टी सुटून येते ती वेगळीच. मैद्याची पातळ खळ आणि पातळ टिश्यूची पट्टी लाव, वर-खाली बटरपेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेव. खळ कमीच घे, जास्त झाली की पान सुरकुततं. कडेने मारलेल्या पिना गंजल्या असतील तर पुस्तक सपाट उघडायचा हट्ट नको. पानं पिनेपाशीच तुटतात. अर्धंच उघडून वाच.

संपलं की मला पाठव. रबरबँड लावू नकोस, तो वितळून मुखपृष्ठाला चिकटतो. सुती दोरा बांध.

तुझा,
विनायक